रामकुंडाचा तळ

आमच्या पिशोर भागात माणूस गेला, सावडणं झालं, की पहिला प्रश्न निघतो : अस्थी कुठं न्यायच्या? पैठण की नाशिक? पैठणला खर्च कमी, सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीपर्यंत घरी येतो. नाशिक लांब. कन्नड, देवगाव रंगारी, वैजापूर, येवला असं करत एसटीनं जायचं, तिथं मुक्काम पडला तर तो खर्च वेगळा. तरी ज्याच्याकडं चार पैसे असतात आणि ज्याचं म्हातारं माणूस जाताना तसं बोलून गेलेलं असतं, तो नाशिकच धरतो. कारण एकच सांगतात. रामकुंडात अस्थी विरघळतात, खाली काही उरत नाही. त्या जागेला नावच अस्थिविलय तीर्थ.

खरं पाहिलं तर पाणी एकच आहे. आमची अंजना सातमाळ्याच्या डोंगरातून उतरते, पुढं पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. गावच्या नदीत अस्थी सोडल्या तरी त्या शेवटी गंगेलाच जायच्या. पण असं म्हटलं की जुनी माणसं मान हलवायची. "आरं, नदीला वाट आसती, ठाव नसतो. कुंडाला ठाव आसतो," असं माझी आजी म्हणायची. ठाव म्हणजे तळ. आजीनं रामकुंड एकदाच पाहिलं होतं, आज्याच्या अस्थी नेल्या तेव्हा. देवळं, गर्दी, भटजी हे ती कधी सांगायची नाही. पायाला वाळू लागली, गोटे लागले आणि एका जागी खालून गार पाणी तळपायाला लागलं, एवढंच सांगायची. "वरचं पानी ऊन आन् खालचं गार. झराच व्हता तिथं."

आजीच्या अस्थी मी नेल्या तेव्हा २००३ चा सिंहस्थ होऊन गेला होता. कुंडात उतरलो तर पायाला वाळू नाही, गोटा नाही. पाय सपाट फरशीवर ठेवल्यासारखा सरळ पडला, वर शेवाळाचा बुळबुळीत थर. घरातल्या हौदात उतरावं तसं वाटलं. सोबतचा चुलता म्हणाला, "बरं केलं बाबा, म्हाताऱ्या मान्साचा पाय घसरत न्हाई आता." आणि त्याच वेळी तो घसरला.

त्या तळात काय बिघडलंय हे मला समजलं ते आमच्या विहिरीमुळं. बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होतो. मिलो ज्वारीच्या भाकरी आणि खडी फोडायची कामं, हे त्या वर्षाचं सगळ्यांना आठवतं. आमच्या घरात अजून एक आठवण आहे, विहिरीतल्या गाळाची. पाणी पार तळाला गेलं म्हणून वडिलांनी विहीर साफ करायला घेतली. विहिरी खोदणारे वडार आले. त्यांचा म्हातारा कारभारी दोराला धरून खाली उतरला आणि हातानं चाचपत बसला. वडिलांचा विचार असा होता, की एवीतेवी विहीर कोरडी आहे तर कडा बांधून घ्याव्यात आणि तळालाही सिमेंट करावं, म्हणजे पुन्हा गाळ व्हायचा नाही. म्हातारा खालूनच ओरडला, "मालक, कडंला काय बी करा. दगड लावा, शिमिट लावा. तळाला मातर शिमिट नगं. तळ म्हंजी तिचं तोंड हाय." नंतर त्यानं गाळाखाली खडकाची चीर दाखवली. बोटभर रुंद. पहारीनं ती मोकळी केली तर रात्रीतून गुडघाभर पाणी आलं.

आपला सगळा मुलूख काळ्या खडकाचा. या खडकात पाणी साठतं ते चिरांमध्ये आणि थरांच्या फटींत. पाऊस जमिनीत मुरतो, फटीफटीनं सरकतो आणि जिथं खडक उघडा पडतो तिथं पाझरतो. त्याच दुष्काळात रोजगार हमीवर गावोगाव पाझर तलाव झाले, त्यांचं नावही यावरूनच पडलं. तलावात दिसतं ते पाणी उडून जाणार, खाली पाझरेल तेच विहिरींना लागणार, हे त्या कामांवर माती वाहणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं.

आता रामकुंडाकडं वळू. हे कुंड १६९६ साली चित्रराव खटावकरांनी बांधलं आणि पुढं माधवराव पेशव्यांच्या आई गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती केली असं सांगतात. लांबी सुमारे २७ मीटर, रुंदी १२ मीटर. म्हणजे फार मोठं नाही, आमच्याकडच्या एखाद्या मोठ्या वाड्याएवढं. पण ते एकटं कधीच नव्हतं. नदीच्या पात्रातच एकाखाली एक अशी कुंडांची माळ होती : रामकुंड, लक्ष्मणकुंड, सीताकुंड, धनुष्यकुंड, अहल्याबाईंच्या नावाचं एक, पेशव्यांच्या नावाचं एक, दशाश्वमेध, रामगया. जुन्या भूमापन नकाशात अशी सतरा कुंडं असल्याचं नाशिकचे गोदाप्रेमी दाखवतात. रामशेजच्या बाजूनं येणारी अरुणा रामकुंडाशी गोदावरीला मिळते असं मानतात, ती आता शहराच्या पोटात गडप झाली आहे.

ज्यांनी ही कुंडं बांधली त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. बाजू चिऱ्यांनी बांधून काढल्या, पायऱ्या केल्या, पाणी अडावं आणि जास्तीचं पुढं जावं म्हणून आडवे सांडवे घातले. तळ मात्र नदीचाच ठेवला. उन्हाळ्यात नदीची धार बारीक झाली तरी खालचे झरे कुंडात पाणी धरून ठेवत. पुढं वर गंगापूरचं धरण झालं आणि नदीची धार धरणाच्या दारांवर अवलंबून राहिली. तरी झरे होते. ते कुणाच्या चावीनं बंद-चालू होत नव्हते.

२००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत या कुंडांच्या आणि नदीपात्राच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं. यामागं कुणाचा वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही. लाखो माणूस एका दिवसात पाण्यात उतरतो. खड्डा, गोटा, कपार यात पाय अडकून माणूस पडला तर मागची गर्दी त्याच्यावर येते. गर्दीचं भय खोटं नव्हतंच. त्याच सिंहस्थात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली, ती कुंडात नव्हे, शहरातल्या रस्त्यावर. सपाट तळ धुवायला सोपा, गाळ काढायला सोपा. सिंहस्थाची तारीख ठरलेली, पैसा आलेला, तो वेळेत खर्चायचा. अशा घाईत झऱ्याची आठवण कुणाला राहणार? झरा काही अर्ज घेऊन दारात उभा राहत नाही.

मग वाद सुरू झाले आणि ते आजही मिटलेले नाहीत. गोदाप्रेमी म्हणाले, काँक्रीट काढा, खालचे झरे मोकळे करा. प्रकरण कोर्टात गेलं. दुसरी बाजू म्हणाली, झरे होते याला पुरावा काय? आता पुरावा कसा द्यायचा? जो दाखवायचा तोच काँक्रीटखाली. मध्ये महापालिकेची सत्ता फिरली, २०१२ ला मनसेकडं आली, २०१७ ला भाजपकडं गेली. निवडणुकीत गोदावरीचं नाव सगळ्यांनी घेतलं. तळ होता तसाच राहिला.

या वादाची झळ आम्हाला कुठं लागते ते सांगतो. २०१५ चा सिंहस्थ आला तेव्हा मराठवाड्यात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला होता. कुंडाला स्वतःचं पाणी नाही म्हटल्यावर स्नानासाठी पाणी धरणातूनच सोडावं लागणार. ते सोडावं की नाही यावरून वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. इकडं आमच्या जिल्ह्यात लोक जायकवाडीकडं डोळे लावून बसलेले. वरच्यांनी पाणी सोडलं तर जायकवाडी भरणार, आणि वरचे म्हणणार आमचीच धरणं रिकामी आहेत. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हे भांडण आमदार-खासदारांच्या तोंडी रोजचं झालं होतं. त्या भांडणात कुणी असं विचारलेलं मी ऐकलं नाही, की बाबांनो, सतरा कुंडांचे झरे जिवंत असते तर स्नानाच्या दिवसासाठी तरी धरणाकडं बघायची वेळ किती आली असती?

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, रामकुंड कोरडं पडलं. सव्वाशे-दीडशे वर्षांत असं झालं नव्हतं, असं तेव्हा पेपरात छापून आलं. गुढीपाडव्याच्या सुमाराला कुंडात टँकरनं पाणी टाकलं गेलं. त्याच चैत्रात तो घसरलेला चुलता वारला. त्याच्या अस्थी घेऊन आम्ही गेलो. कुंडात पाणी होतं, गुडघ्याएवढं, उभंच्या उभं. त्या महिन्यात आमच्याकडच्या गावांत टँकर आला की बाया हंडे घेऊन पळायच्या, पोरं टँकरवर चढून पाइप धरायची. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं तेही त्याच महिन्यात. चुलतभाऊ अस्थींची पिशवी हातात धरून थोडा वेळ तसाच थांबला. मग म्हणाला, "टँकरच्या पान्यात सोडायच्या तर गावातच सोडल्या आस्त्या की." आम्ही विधी केला, दक्षिणा दिली आणि बसस्टँडवर येईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. अस्थी विरघळल्या का, ते बघायला कुणीच थांबलं नाही.

पुढं स्मार्ट सिटीच्या कामात काही कुंडांतलं काँक्रीट फोडायला सुरुवात झाली. फोडल्यावर काही जागी पाणी वर आलं, असं तिथल्या मंडळींनी सांगितलं. पण रामकुंडाचं काय करायचं यावर पुन्हा तट पडले. काढलं तर तळ खोल जाईल, माणसं बुडतील, असं एक म्हणणार. ठेवलं तर कुंड मेलेलंच राहील, असं दुसरा म्हणणार. त्यातच घाटावरच्या जुन्या पायऱ्या आणि सांडवे नव्या कामात तोडल्याचे आरोप झाले. एक चूक सुधारायला आलेलं मशीन दुसरी करून जातं की काय, अशी भीती लोकांच्या मनात बसली.

मशीनची भीती उगाच नाही, हे मुंबईच्या बाणगंगेनं दाखवून दिलं. मलबार हिलवर, समुद्र हाकेच्या अंतरावर असताना गोड्या पाण्याचा जिवंत झरा असलेला हा तलाव. शिलाहारांच्या काळापासूनचा मानतात, आणि अठराव्या शतकात रामा कामत यांच्या देणगीतून त्याचा जीर्णोद्धार झाला असं सांगतात. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, वर देवळं. राज्याचं संरक्षित स्मारक. जून २०२४ मध्ये गाळ काढण्यासाठी कंत्राटदारानं तिथं यंत्र थेट पायऱ्यांवरून खाली उतरवलं आणि शेकडो वर्षांच्या पायऱ्या फुटल्या. चित्रफीत सगळीकडं फिरली. कंत्राटदारावर गुन्हा दाखल झाला. मंत्र्यांनी महापालिकेला जाब विचारला, विरोधकांनी सरकारला, आणि महापालिकेनं कंत्राटदाराला नोटीस दिली. बोट फिरत फिरत शेवटी मशीन चालवणाऱ्या पोरापर्यंत आलं असेल. त्याला कुणी सांगितलं होतं का, की हे हातानं, घमेल्यानं करायचं काम आहे?

एक गोष्ट त्या गोंधळात मागं पडली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, नाशिकचीही त्याच महिन्यात. २०२४ मध्ये दोन्हीकडं नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. आमच्या गावात रस्ता वाईट झाला तर सरपंचाला पारावर चार माणसं अडवतात, शिव्याही देतात. ते चांगलं नाही, पण त्याला उद्या त्याच पारावरून जायचं असतं. प्रशासक बदली होऊन जातो. ज्या तलावाशेजारी राहणाऱ्यांनी निवडून दिलेला माणूसच नाही, त्या तलावाच्या कामाचा जाब कुणाला विचारायचा? मंत्री आणि विरोधक, दोघांचं भांडण ऐकू येत होतं. पायऱ्यांवर रोज बसणाऱ्या माणसाचा आवाज त्यात नव्हता.

हे आपल्याकडंच होतं असंही नाही. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनला, अब्राहम लिंकनच्या स्मारकासमोर दोन हजार फूट लांबीचा उथळ तलाव आहे. तो दलदलीवर भर घालून केलेल्या जमिनीत खचत, गळत चालला होता. सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर खर्चून दोन वर्षं दुरुस्ती चालली. पिण्याचं पाणी वाया जाऊ नये म्हणून शेजारच्या खाडीचं पाणी आणून, शुद्ध करून भरायची सोय केली. २०१२ च्या ऑगस्टअखेर तो उघडला आणि काही आठवड्यांत सगळा तलाव शेवाळानं हिरवा झाला. शुद्धीकरण पुरं पडलं नव्हतं. पुन्हा पाणी उपसलं, पुन्हा साफ केलं. तिथंही लोकांच्या पैशावरून बोलणी झाली. कडा, तळ, फरशी सगळं नवं होतं. चूक झाली ती आत येणाऱ्या पाण्याच्या हिशेबात. इतक्या लांबवरच्या तलावाचं मला काय पडलंय? पण त्यांचं आणि आपलं दुखणं एकाच जागी आहे, म्हणून सांगितलं.

कुंडाच्या भांडणात अजून एक जुना धागा आहे, तो सोडून पुढं जाता येत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं त्याआधीच केला होता. तरी पाण्याला हात लागला म्हणून तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं, शेणा-गोमूत्राच्या घागरी ओतून. तळं सार्वजनिक असल्याचं कोर्टातून कायमचं ठरायला १९३७ साल उजाडलं. नाशिकला २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो याच रामकुंडाच्या आसपास, दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकारानं. त्या काळी हा घाट सगळ्यांना सारखा नव्हता. आमच्या पिशोरातही आडाचे काठ वाटलेले होते. आजी ते सांगताना आवाज खाली घ्यायची. तेव्हाचं भांडण काठावर कोण उभं राहणार याचं होतं, आणि ते झालंच पाहिजे होतं. ज्यांनी लाठ्या खाऊन पाण्यापर्यंत पोचायचा हक्क मिळवला, त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला टँकरनं भरलेला हौद यावा, ही त्या लढ्याचीही फसवणूक आहे असं मला वाटतं.

जुन्या लोकांनी सगळं चांगलं केलं आणि नव्यांनी सगळं बिघडवलं, असं मला म्हणायचं नाही. जुन्या काळीही गाळ साठायचा, कुंडं घाण व्हायची, पटकी पसरायची. पण वेरूळच्या शिवालय तीर्थावर जाऊन बसा. आमच्याकडून ते फार लांब नाही; अहल्याबाई होळकरांचं नाव त्याला जोडलेलं आहे. चारी बाजूंनी खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, मधल्या टप्प्यावर आठ लहान देवळं आणि अगदी खाली पाणी. पायऱ्या एवढ्या कशाला? पाणी जिथं असेल तिथवर माणसानं जायचं, म्हणून. भर पावसाळ्यात वरच्या पायरीवर अंघोळ, वैशाखात तळाशी. बांधणाऱ्यानं हे मान्य केलं होतं, की पाणी वर-खाली होणार. आपण उलटं केलं. माणूस एकाच उंचीवर उभा राहणार, आणि पाणी बारा महिने त्याच्या कमरेला लागलं पाहिजे. नसेल तर धरणातून आणा, टँकरनं आणा.

२०२६-२७ चा सिंहस्थ आता आला. पुन्हा कामं निघाली, पुन्हा घाट होणार, पुन्हा तारीख ठरलेली आणि पुन्हा घाई. पक्ष एकमेकांना विचारतील, खर्च किती, कंत्राट कुणाला, उद्घाटन कुणाच्या हातानं. विचारावंच, पैसा लोकांचा आहे. पण त्या यादीत आणखी एक ओळ घालायला हवी. काम सुरू करायच्या आधी, ऐन वैशाखात, कुंड उपसून ज्यांना विहिरीचं कळतं अशा चार माणसांना खाली उतरवा. कुठं चीर आहे, कुठं ओल आहे, ते खुणा करून ठेवा. तो नकाशा घाटावर मोठ्या पाटीवर लावा, म्हणजे उद्या कुणी तिथं सिमेंटची पाटी घेऊन आलं तर फुलं विकणारी बाईसुद्धा त्याला हटकू शकेल. बुडण्याची भीती असेल तर कडेला साखळ्या लावा, जीवरक्षक ठेवा. याला फार पैसा लागत नाही. बहुतेक म्हणूनच ते होत नसावं.

आमची विहीर अजून आहे. आता तिच्यावर मोटार बसली आहे, पाणी अद्रकाला जातं. मागच्या उन्हाळ्यात पाणी कमी झालं तेव्हा मुलानं विचारलं, जेसीबी बोलावून तळ सरळ करून घेऊ का? मी त्याला दोराला धरून खाली उतरवलं आणि ती बोटभर चीर हातानं चाचपायला लावली. गाळानं पुन्हा बुजत आली होती. दोन दिवस माणसं लावून ती मोकळी केली.